पाण्यातली काच

विद्यापीठात मी नेमकं काय करते, हे आबांना सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. आबा म्हणजे माझे वडील. मी सुट्टीला गेले होते आणि ते पिशोरजवळच्या माळावर मेंढरांमागं काठी टेकून उभे होते. आई मी शाळेत असतानाच वारली. घरात आम्ही दोघंच, त्यामुळं माझं बोलणं ऐकायला त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं.

"पाण्यात बारीक गोळ्या असतात आबा. दिसत नाहीत इतक्या बारीक. त्या एकमेकींना लांब ढकलतात. ढकलून ढकलून शेवटी सगळ्याच अडकून बसतात. मग पाणी वाहत नाही, थिजतं."

"म्हंजी वाघराच्या जाळीत मेंढरं कोंडल्यावानी."

"नाही. मेंढरं कोंडली की एकमेकांना खेटतात. ह्या खेटत नाहीत. मधी जागा मोकळी असते."

आबांनी थोडा विचार केला. "मंग जागा असून अडकत्यात कशाला?"

मला हसू आलं, कारण माझ्या पीएच.डी.चा विषय तोच होता.

तेव्हा आम्ही शहराला औरंगाबादच म्हणायचो. आमची प्रयोगशाळा विभागाच्या मागच्या बाजूला, जुन्या बैठ्या इमारतीत होती. तिथं आम्ही दोघी काम करायचो. दुसरी माझी मैत्रीण, पडेगावची, बौद्ध घरातली. तिचे वडील नव्हते. आई गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायची आणि त्यावर घर चालायचं. मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार होती, आणि ते आम्हा दोघींना माहीत असल्यानं त्यावरून कधी काही बिनसलं नाही. हॉस्टेलची मेस बंद असली की मी तिच्या डब्यातली भाकरी खायचे. तिची आई मग डब्यात दोन भाकरी जास्तच टाकायला लागली.

आमचं काम करंगळीएवढ्या बाटल्यांत चालायचं. बाटल्या प्लास्टिकच्या, कारण काचेतून क्षार हळूहळू पाण्यात उतरतात आणि आम्हाला क्षार अजिबात नको होते. आत दुधासारखं पांढरं पाणी. त्यात प्लास्टिकच्या सूक्ष्म गोळ्या तरंगत असायच्या आणि प्रत्येकीवर ऋण विद्युतभार असायचा. सगळ्यांवर एकाच जातीचा भार, म्हणून प्रत्येक गोळी दुसरीला दूर लोटणार. पाणी जितकं शुद्ध, तितकं हे लोटणं लांबवर पोचतं. गोळ्या थोड्या असल्या की त्या मजेत फिरतात. वाढवत नेल्या की एक वेळ अशी येते की कुठल्याही बाजूला निघालं तरी कोणीतरी मागं लोटतं. मग बाटली आडवी केली तरी आतलं दूध हलत नाही. बाटलीत बहुतेक सगळं पाणीच असतं आणि एकही गोळी दुसरीला शिवलेली नसते, तरी हे होतं.

गोळ्या एकाच आकाराच्या असतील तर त्या रांगांनी बसतात, स्फटिक तयार होतो आणि उजेडात मोरपिसासारखे रंग दिसतात. आम्ही मुद्दाम दोन आकारांच्या मिसळायचो. मग रांग जमत नाही. जी जिथं आहे तिथंच अडकते. त्या अवस्थेला काच म्हणतात, कारण खिडकीच्या काचेतही कण असेच, रांगेशिवाय, अडकलेले असतात. अशा बाटलीत मिठाचा एक कण टाकला तर मिठाचे भार गोळ्यांचं एकमेकींना लोटणं झाकून टाकतात आणि काच वितळून पुन्हा दूध होतं. मीठ जास्त झालं तर मात्र गोळ्या एकमेकींना चिकटतात आणि सगळा साका तळाशी बसतो. तो नमुना वाया जातो.

आमचे सर निवृत्तीला आले होते. बोलणं सावकाश. काच तयार झाल्यावरही ती स्थिर नसते, ती म्हातारी होत जाते, असं ते सांगायचे. आम्ही बाटलीवर लेझर टाकायचो, आणि समोरच्या पडद्यावर लाल ठिपक्यांचा बुट्टा उमटायचा. दूध पातळ असेल तर ठिपके लुकलुकतात. काच असेल तर ते थिजतात, पण पूर्ण थांबत नाहीत. बुट्टा बदलायला किती वेळ लागतो ते आम्ही रोज मोजायचो, आणि तो वेळ रोज वाढत जायचा.

"गोळी थांबलेली नसते," सर म्हणाले. "जागच्या जागी थरथरत असते. तिला बाहेर पडायचं तर शेजारणीनं सरकायला हवं. आणि शेजारीण तिच्या शेजारणीसाठी अडून बसलेली असते."

"मग पहिल्यांदा कोण सरकतं?" मैत्रिणीनं विचारलं.

"एकटी कोणीच नाही. कधीतरी पाच-सहा जणी एकदम हलतात. का हलतात, कधी हलतील, ते आपल्याला सांगता येत नाही. म्हणून तर बघत बसायचं."

त्या वर्षी आणि त्याच्या आधीच्या वर्षीही पाऊस झाला नव्हता. धरणाच्या तळाला चिखल दिसायला लागला. शहरात नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेही कधी यायचंच नाही. हॉस्टेलवर टँकर यायचा आणि बोअरचं मचूळ पाणी टाकून जायचा. त्या पाण्यात इतके क्षार असायचे की अंगाला साबण लागायचा नाही आणि डोक्याचे केस तारेसारखे व्हायचे. त्याच पाण्यातून आम्हाला क्षाराचा अंशही नसलेलं पाणी काढायचं होतं. त्यासाठी विभागात ऊर्ध्वपातनाचं यंत्र होतं. त्यात पाणी उकळून वाफ थंड करतात. वाफ थंड करायला बाहेरून सतत दुसरं पाणी वाहतं ठेवावं लागतं, आणि बाटलीभर शुद्ध पाण्यासाठी बादल्याच्या बादल्या मोरीत जातात. आम्ही ते वाहणारं पाणी पिंपात धरायला लागलो. हॉस्टेलच्या मुली दुपारी बादल्या घेऊन मागच्या दाराला यायच्या आणि ते कोमट पाणी कपड्यांना न्यायच्या.

तरी तक्रार झालीच. पोरींना प्यायला पाणी नाही आणि इथं यंत्रातून पाणी वाहतंय, असं कोणीतरी वरपर्यंत नेलं. यंत्र बंद करायचा हुकूम आला. सर भांडले नाहीत. "त्यांचंही बरोबर आहे," म्हणाले आणि स्वतःच्या हातानं त्यांनी कॉक बंद केला. म्हणजे आता नवे नमुने बनणार नव्हते. जे बनवून ठेवले होते तेवढेच. त्यातले अर्धे मैत्रिणीचे, अर्धे माझे. त्यांची झाकणं आम्ही मेणानं बंद केली, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरला तरी पाण्यात भार तयार होतात आणि काच बिघडते.

एप्रिल संपता संपता आबांचा फोन आला. कुणाच्या तरी मोबाइलवरून बोलत होते. गावाकडं चारा नव्हता, पाझर तलाव फुटक्या मडक्यासारखा कोरडा पडला होता. चुलते त्यांची मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेले होते. आबा एकटेच शहराकडं आले होते.

"पडेगावच्या अंगाला हाये. लई प्लॉट पाडलेत इथं. उभं राहाया जागा हाये, पर मेंढरांला पाणी नाय. तुझ्या वळखीचं हाये का कुनी?"

मी मैत्रिणीकडं बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं. "आमच्या गल्लीतल्या बोअरला बोटभर धार येते अजून," ती म्हणाली. "मचूळ आहे, पण मेंढरांना चालेल. आईला सांगते."

आम्ही दोघी रिक्षानं पडेगावला गेलो. दौलताबाद रस्त्याच्या कडेनं जिथवर नजर जाईल तिथवर चुन्यानं रंगवलेले प्लॉटचे दगड होते. आबा एका अर्धवट कमानीच्या सावलीत बसले होते. कमानीवर होणाऱ्या वसाहतीचं नाव लिहिलं होतं, आणि आत एकही घर नव्हतं. मला बघून ते उठले. ओठ फुटले होते, डोळे आत गेले होते. पण मेंढरं बघून मला जास्त वाईट वाटलं. ती ओरडतही नव्हती.

मैत्रिणीच्या आईला मी मावशी म्हणायचे. मावशींनी त्या दिवशी कामाचा खाडा केला होता. शेजारणींकडून घमेली, टब, जुनी पातेली गोळा करून त्यांनी बोअरपाशी मांडून ठेवली होती. आम्ही भरत गेलो आणि मेंढरं पीत गेली. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती. कोणी नाही म्हटलं नाही, उलट एका म्हाताऱ्या बाईनं आपल्या घरातली बादली आणून ओतली. आबा काठीनं मेंढरांना आळीपाळीनं पुढं सोडत होते. चेहरा जरा सैल झाला होता.

मग मावशी आत गेल्या आणि माठातलं पाणी तांब्यात घेऊन आल्या. वर पेला पालथा घातलेला.

"दादा, पाणी घ्या."

आबांनी तांब्याकडं बघितलं. मग दाराच्या वर लावलेल्या पंचशील ध्वजाकडं बघितलं. तो त्यांना येताना दिसला नसावा.

"नको बाई. आत्ताच प्यालो."

"कुठं प्यालात?" मी विचारलं. बोअरचं पाणी त्यांनी तोंडाला लावलेलं नव्हतं, माझं लक्ष होतं.

"प्यालो म्हनलं ना."

मी मावशींच्या हातातून तांब्या घेतला आणि आबांसमोर पाणी प्याले. वरून नाही, पेल्याला तोंड लावून. मग तोच पेला भरून त्यांच्यापुढं धरला. "आबा, घ्या."

ते खाली वाकले आणि एका कोकराच्या कानात अडकलेला गोखरू काढायला लागले. काढून झाल्यावरही वाकलेलेच राहिले.

आबा वाईट माणूस नव्हते. आई गेल्यावर दुसरं लग्न केलं नाही, भावकीची बोलणी खाऊन मला शिकवलं. रानात ते कुणाच्याही विहिरीचं पाणी प्यायचे. पण घरातून, माणसाच्या हातातून घ्यायचं म्हटलं की त्यांच्या आत काहीतरी आडवं यायचं. मी त्यांना मैत्रिणीबद्दल पुष्कळ सांगितलं होतं. ती कोणाची, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि मलाही सांगावंसं वाटलं नव्हतं.

"आई, आत ये," मैत्रीण म्हणाली. आवाज अगदी सपाट होता.

मावशी आत गेल्या नाहीत. माझ्या हातातून तांब्या घेऊन त्यांनी ओट्यावर ठेवला. "इथं ठेवते. वाटलं तर घ्या," म्हणाल्या आणि घमेली उचलायला लागल्या. कळपात दोन शेळ्या होत्या. त्यातली एक ओट्यावर चढली आणि तिनं तांब्यात तोंड घातलं. गल्लीतलं कोणीतरी हसलं. मैत्रिणीनं तांब्या उचलला, उरलेलं पाणी मातीत ओतलं आणि घरात गेली.

पुढं एका खदानीत पाणी आहे असं आबांनी ऐकलं होतं. मेंढरं घेऊन ते तिकडं निघाले. मी म्हटलं, ऊन उतरू द्या. म्हणाले, मेंढरं आता चालतील तेवढी चालवून घेतो. भारनियमन होतं आणि लाइट दुपारीच येणार होती. माझ्या बाटल्या मोजायच्या होत्या, मी विद्यापीठात परतले. मैत्रीण घरीच थांबली.

संध्याकाळच्या आत तिचा फोन आला. "सरकारी दवाखान्यात ये. तुझ्या वडिलांना ऊन लागलंय. आईनं आणलंय."

आबांची चाल मावशींना बरी वाटली नव्हती. आबा दिसेनासे झाल्यावर त्या पाण्याचा कॅन घेऊन त्यांच्या मागावर गेल्या होत्या. प्लॉटच्या पलीकडं एका निंबाखाली ते पडलेले सापडले. मावशींनी अंगावर पाणी ओतलं, तोंडात पाणी घातलं, रस्त्यावर जाऊन एक छोटा हत्ती टेम्पो थांबवला आणि दवाखान्यात आणलं. मेंढरं रानोमाळ झाली होती. ती गल्लीतल्या पोरांनी आणि बायांनी गोळा केली आणि चुलते येईपर्यंत सांभाळली. काही मेली. उरलेली चुलत्यांनी नेली आणि पुढं विकली.

आबा बरेच दिवस शुद्धीवर नव्हते. शुद्धीवर आले तेव्हा जीभ जड झाली होती आणि हात थरथरत होते. डॉक्टर म्हणाले, उष्णता मेंदूत गेली, हे असंच राहील. मावशी एकदा डबा घेऊन आल्या. तांदळाची पेज होती. आबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी म्हटलं, "आबा, ह्यांनीच तुम्हाला आणलं." ते वळले नाहीत. ती पेज मी खाल्ली आणि डबा धुऊन मावशींना दिला. दवाखान्यातही पाणी नव्हतं. डबा धुवायला मी प्यायच्या बाटलीतलं पाणी वापरलं.

प्रयोगशाळेत परत गेले तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या बाटल्यांचं सगळं काम खंडलं असेल. मैत्रिणीनं संगणकाकडं बोट केलं.

"तुझे नमुने मी मोजलेत. रोज. एका बाटलीचं मेण सुटलं, ती गेली. बाकीच्या ठीक आहेत."

मी तिचे आभार मानायला गेले. ती म्हणाली, "काम होतं म्हणून केलं."

"तुझ्या आईनं माझ्या वडिलांना वाचवलं."

"मला माहितीये. त्यांना सांग."

मी आबांना सांगितलं. एकदा नाही, पुष्कळदा सांगितलं. दर वेळी ते तेच म्हणायचे, तुटक तुटक, "कोन बाई? मला कुनी पाजलं नाय. दवाखान्यात सुई लावली तव्हा जाग आली." ते मी मैत्रिणीला कळवलं नाही. पण तिनं कधी विचारलं नाही, त्यावरून तिला कळलं असणार.

त्यानंतर आम्ही दोघींनी त्याच खोलीत पीएच.डी. पुरी केली. वाईट काही बोललो नाही. मोजमाप, लाइट, सरांच्या दुरुस्त्या, एवढंच बोलायचो. डबा ती वेगळा खायची असं नाही, ती माझ्यासमोरच खायची. पण मला घे म्हणायची नाही, आणि मीही हात पुढं करायचे नाही. आपण नेमकं कशासाठी अडलोय हे मला सांगता आलं नसतं. चूक तिची नव्हती, आणि तिच्यापुढं मी पाणी प्याले होते. तरी दिवस जात गेले तसं ते बोलणं काढणं जास्तच अवघड होत गेलं. पुढं पाऊस चांगला झाला, यंत्र पुन्हा सुरू झालं. आमच्यात काही फरक पडला नाही. तिला दूरच्या एका शहरात नोकरी लागली. निघताना ती म्हणाली, "तुझ्या प्रबंधात माझे आकडे आहेत, ते राहू दे. नाव घालायची गरज नाही." मी ऋणनिर्देशात नाव घातलं. तिनं ते बघितलं की नाही, माहीत नाही.

मला कायमची प्राध्यापकी मिळाली नाही. काही वर्षं तासिकांवर शिकवलं आणि मग चिकलठाण्याला एका रंगाच्या कारखान्यात नमुने तपासायची नोकरी धरली. रंगातही तेच असतं. कण एकमेकांना लोटत राहिले तर रंग टिकतो, नाहीतर डब्याच्या तळाशी बसतो. तिथंच एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी भाड्यानं खोली घेतली आणि आबांना आणलं. ते दिवसभर गॅलरीत बसायचे. समोर आणखी इमारती उठत होत्या. चालताना तोल जायचा म्हणून मी त्यांना एकटं खाली जाऊ द्यायचे नाही. पाणी जारचं यायचं. तो जार कोण भरतं, कोण खांद्यावरून तीन मजले चढवून आणतं, हे आबांनी कधी विचारलं नाही. थरथरत्या हातानं पेला धरून प्यायचे, निम्मं अंगावर सांडायचं.

न्हाणीत पाय घसरून ते पडले आणि त्यातच गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी पडेगावला मावशींना सांगायला गेले. मधल्या काळात मी तिकडं फिरकले नव्हते. रस्ता रुंद झाला होता, ओटा त्यात गेला होता, दार थेट रस्त्यावर आलं होतं. मावशी थकल्या होत्या. त्यांनी चहा टाकला. आबा गेल्याचं ऐकून त्यांनी चहा गाळला आणि कप माझ्यापुढं केला.

"आता गेला म्हून सांगते तुला," त्या म्हणाल्या. "मी गेले तव्हा तो शुद्धीत व्हता."

मी कप खाली ठेवला.

"निंबाला टेकून पडला व्हता. डोळे उघडे. मला वळखलं त्यानं. मी म्हनलं, दादा, आता तरी घ्या, इथं कुनी बघाया नाय. माझ्या हातातून प्याला तो. दोन्ही हातांनी माझं मनगट धरून प्याला, लेकरावानी. मंग उलटी झाली अन् मान टाकली."

"ते म्हणायचे, कोणी पाजलंच नाही."

"मला वाटलं व्हतं, याद नसंल. पर दवाखान्यात डबा घेऊन आले ना मी, तव्हा भिंतीकडं तोंड करायच्या आधी त्यानं माझ्या मनगटाकडं बघितलं."

चहा निवला होता. मावशींनी माझा कप उचलून घेतला, पुन्हा गरम केला आणि हातात दिला.

"पोरीला नको सांगू. तिला वाटतंय, आईनं बेशुद्ध मानसाला पाजलं. तेवढ्यावरच ती एवढी चिडली. हे कळलं तर लई लागंल तिला."

मावशी होत्या तोवर मी ते मैत्रिणीला सांगितलं नाही.

चहा संपत होता तेव्हा बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. पाऊस त्या वर्षीही ओढ देत होता. मावशी हंडा घेऊन उठल्या, मी दुसरा घेतला. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. ऊन लागत होतं म्हणून मावशींनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. आमच्यापुढं चार-पाच बायका उरल्या असतील तेव्हा टँकरची नळी नुसती फुरफुरली आणि पाणी संपलं.